राखेला गिऱ्हाईक कसं मिळालं

कोळशाच्या शंभर वाघिणी कोराडीच्या किंवा परळीच्या वीज केंद्रात रिकाम्या झाल्या, की त्यांतल्या पस्तीस-चाळीस पुन्हा भरतील एवढ्या वजनाची राख मागे उरते. वीज तारांवरून निघून जाते, धूर चिमणीतून वर जातो. राख मात्र जागची हलत नाही. देशी कोळशाचं हे जुनं दुखणं. गोंडवन काळातला हा कोळसा वाहून आलेल्या गाळासकट दबला गेला, त्यामुळे माती त्याच्या अंगातच मुरली आहे. धुतला तरी ती पुरती निघत नाही. परदेशातून येणाऱ्या कोळशात राख साधारण दहा ते वीस टक्के असते, आपल्या कोळशात तीस ते पंचेचाळीस.

या राखेचं करायचं काय, या प्रश्नाला कित्येक वर्षं एकच उत्तर होतं: पाण्यात कालवा, पाइपातून लांब नेऊन तलावात सोडा आणि विसरून जा. आज त्याच राखेसाठी बल्कर टँकरच्या रांगा लागतात, निविदा निघतात, संगणकावर बोली लागते. कुठल्या केंद्रात किती माल शिल्लक आहे हे मोबाइलवर पाहता येतं आणि तिच्या उपशावरून हाणामाऱ्याही होतात. गंमत अशी, की राख कामाची आहे हे शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखवून दिलं होतं. तिथून बाजारापर्यंत पोचायला तिला साठ वर्षं लागली.

मुळात राख हाती यायलाच विसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी ती चिमणीतून बाहेर पडायची आणि आसपासच्या छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्रज्ञाने १९०७-०८ च्या सुमारास धुरातले कण विजेने पकडण्याचं यंत्र सिद्ध केलं. (पेटंटच्या पैशातून स्वतः गब्बर होण्याऐवजी त्याने १९१२ मध्ये पेटंटचे हक्क विज्ञान संशोधनाला मदत करणाऱ्या संस्थेच्या हवाली केले.) यंत्राची कल्पना सोपी आहे. धूर जायच्या वाटेवर लोखंडी पत्रे उभे करायचे, मधोमध तारा टांगायच्या आणि तारांना प्रचंड दाबाची वीज द्यायची. कणांवर विद्युतभार चढतो आणि ते पत्र्यांना चिकटतात. मग ठराविक वेळाने पत्र्यांवर हातोडे आपटतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये घसरते. १९२० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या वीज केंद्रात हे यंत्र दगडी कोळशाच्या राखेसाठी बसलं, आणि पुढे जगभर पसरलं.

हॉपरमध्ये पडते ती पिठासारखी मऊ, करडी भुकटी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिचे कण गोल गोल मण्यांसारखे दिसतात. भट्टीच्या आगीत कोळशातली माती वितळते, ज्वालेसोबत वर उडते आणि हवेतच थिजते, म्हणून हा आकार. बर्कलेच्या विद्यापीठातल्या रेमंड डेव्हिस यांनी १९३७ मध्ये सहकाऱ्यांसह या भुकटीवरचा अभ्यास छापला. सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी ही राख घातली, तर काँक्रीट बिघडत नाही, उलट कालांतराने ते अधिक घट्ट होतं आणि ओतल्यावर कमी तापतं, असं त्यांनी दाखवलं.

त्यामागचं रसायन आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना अनोळखी नव्हतं. भाजलेल्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी चुन्यात मिसळून घाणीत मळायची आणि त्या चुन्याने वाडे, हौद, धरणं बांधायची, ही इथली रीतच होती. रोमन लोक नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात घालत. सुरखी, ज्वालामुखीची राख आणि कोळशाची राख, तिन्हींचा मामला एकच. भाजून निघालेली सिलिका ओलसर चुन्याशी हळूहळू एकजीव होते आणि पाण्याला दाद न देणारा दगड तयार होतो. सिमेंट पाण्याशी मिळताना थोडा चुना मोकळा सुटतो, आणि राख नेमका तोच पकडते.

धरणवाल्यांना ही गोष्ट ताबडतोब पटली. एवढं मोठं काँक्रीट ओतलं की ते आतून तापतं आणि निवताना तडकतं, ही त्यांची कायमची डोकेदुखी होती. अमेरिकेत मॉन्टाना राज्यात १९४८ ते १९५३ दरम्यान बांधलेल्या हंग्री हॉर्स धरणात लाखभर टनाहून अधिक राख गेली. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणातही सिमेंटचा काही हिस्सा राखेने भरून काढला. म्हणजे १९६० च्या आसपासच भारतीय अभियंत्यांनी राख वापरून दाखवली होती.

मग पुढची तीस-पस्तीस वर्षं गाडं अडलं कुठे?

सिमेंट मुबलक होतं म्हणून राखेची गरज पडली नाही, असं म्हणायची सोय नाही. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं. अर्ज करा, परमिट मिळवा आणि मग पोती उचला, असा तो काळ. महाराष्ट्रात तर सिमेंटच्या कोट्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे सिमेंटपायी मुख्यमंत्र्याची खुर्ची जात होती, आणि त्याच महाराष्ट्रात नाशिकच्या एकलहऱ्याला, कोराडीला, परळीला, भुसावळला सिमेंटची जागा काही अंशी घेऊ शकेल असा माल रात्रंदिवस पाण्यात सोडला जात होता.

याचं एक कारण वीज केंद्राच्या स्वभावात होतं. तिथल्या अभियंत्याचं मोजमाप व्हायचं ते वीज किती युनिट तयार झाली यावर. राख ही त्याच्या दृष्टीने वाटेतली अडचण. ती लवकरात लवकर हलवणारा माणूस हुशार. पाण्यात कालवून पंपाने ढकलणं सगळ्यात स्वस्त पडायचं. पण त्यात बारीक उडणारी राख आणि भट्टीच्या तळाशी साचणारी जाडीभरडी राख एकत्र व्हायची, आणि तलावातून काढलेल्या त्या ओल्या मिश्रणाला सिमेंटवाला हातही लावत नसे. त्याला हवी होती कोरडी, बारीक आणि रोज एकाच प्रतीची राख. दुसरीकडे ठेकेदार आणि घरमालक. त्यांच्या लेखी राख घातलेलं सिमेंट म्हणजे सरळ भेसळ. तिसरी अडचण वाहतुकीची. राख फुकट असली तरी गाडीभाडं फुकट नसतं. आणि या सगळ्यांच्या वर आणखी एक गोष्ट: कुणाकडे किती राख आहे आणि कुणाला किती हवी आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. केंद्राचा विक्री विभाग वीज विकत होता; राखेला विक्री विभागच नव्हता.

तलाव मात्र पसरत गेले. एका मेगावॉटमागे एक एकर राखेचा तलाव, असा त्या काळचा ढोबळ हिशोब सांगतात. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की विदर्भातल्या एप्रिल-मेच्या वाऱ्याने राख उठायची आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरांत, विहिरींत, उभ्या पिकांवर बसायची. पावसाळ्यात तीच राख ओहोळांवाटे नदीला मिळायची. वीज मुंबई-पुण्याला गेली आणि राख या गावांच्या वाट्याला आली.

राखेचा पहिला खरा व्यापार सुरू झाला तो या तलावांच्या पृष्ठभागावर, आणि तोही कुठल्याही सरकारी योजनेविना. राखेच्या कणांत थोडेसे कण आतून पोकळ असतात. ते पाण्यावर तरंगतात, वाऱ्याने तलावाच्या एका काठाला जमा होतात आणि दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर धरतात. सेनोस्फिअर हे त्यांचं नाव. हलके, उष्णता सोसणारे आणि घट्ट. रंग, प्लास्टिक, तेलविहिरींत भरायचं सिमेंट असल्या मालासाठी जगभर त्यांना मागणी आहे. माणसं जाळ्या-टोपल्या घेऊन तलावात उतरायची, ही साय गोळा करायची, वाळवायची. दलाल ती विकत घ्यायचे आणि पुढे निर्यात व्हायची. एकूण राखेत सेनोस्फिअर अगदी नगण्य, पण त्याला भाव होता. म्हणून कुणी सांगितलं नसतानाही विकणारा आणि घेणारा यांनी एकमेकांना शोधून काढलं. बाकीच्या नव्याण्णव टक्क्यांना भाव नव्हता, आणि त्यांच्यासाठी सरकारला मध्ये पडावं लागलं.

१९९४ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने फ्लाय ॲश मिशन सुरू केलं. रस्त्यांचे भराव, विटा, शेती, खाणी, जिथे जिथे राख खपण्यासारखी होती तिथे प्रात्यक्षिकं करून दाखवायची, हा त्याचा उद्देश. तेव्हाची परिस्थिती केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांत दिसते. १९९६-९७ मध्ये देशात ६.८९ कोटी टन राख तयार झाली आणि तिच्यातली जेमतेम ९.६३ टक्के वापरात आली.

मग १४ सप्टेंबर १९९९ ला पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना निघाली. राखेच्या इतिहासात हा दिवस निर्णायक मानावा लागेल. वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळलीच पाहिजे, आणि केंद्रांनी ती किमान दहा वर्षं फुकट दिली पाहिजे, असा तो हुकूम. २००३ मध्ये ५० चे १०० किलोमीटर झाले, २०१६ मध्ये ३०० झाले. दर खेपेला वर्तुळ मोठं करावं लागलं, याचाच अर्थ आधीच्या वर्तुळात पुरेशी राख खपत नव्हती.

वीटभट्टीवाल्यांनी कुरकुर केली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. भट्टीवरचं मिश्रण हे पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. किती माती, किती भाताचं तूस, किती कोळशाची चुरी, हे हाताच्या अंदाजाने ठरतं. त्यात बाहेरून आलेली भुकटी पाव हिश्श्याने घाला म्हटल्यावर वीट फुटली तर नुकसान कुणाचं? विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र राखेने उलट फायदाच केला. ही माती सुकताना आकसते आणि कच्च्या विटेला चिरा पडतात. राख मिसळली की आकसणं कमी होतं. ज्या भट्टीवाल्याने हे एकदा करून पाहिलं त्याला अधिसूचना वाचून दाखवायची गरज उरली नाही.

आगीशिवाय होणारी राखेची वीट ही निराळीच चीज. तिच्या कारखान्यात भट्टी नसते, चिमणी नसते. एका बाजूला राखेचा ढीग, शेजारी दगडाच्या खाणीतली बारीक कच, चुना आणि जिप्सम किंवा त्याऐवजी सिमेंटची पोती. वजनाने निम्म्याहून जास्त राखच. मोठ्या तव्यासारख्या गोल मिक्सरमध्ये दोन जाड लोखंडी चाकं हा माल थोड्या पाण्यासह रगडतात. मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण तळहात ओला होऊ नये, एवढंच पाणी. मग हायड्रॉलिक प्रेसचा दाब पडतो आणि करड्या विटा फळीवर बाहेर येतात. दुसऱ्या दिवशी त्या रचायच्या, वर गोणपाट टाकायचं आणि दोन-तीन आठवडे पाणी मारत राहायचं. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधक दांपत्याने राख, चुना आणि जिप्सम यांच्या अशा विटेचं तंत्र सिद्ध करून देशभर पसरवलं. आकार एकसारखा, त्यामुळे प्लॅस्टरचा खर्च वाचतो. मातीही उपसावी लागत नाही. तरीही गिऱ्हाईक बरीच वर्षं लाल विटेवरच अडून बसलं होतं. घर म्हटलं की वीट लाल हवी, हा हट्ट कुठल्या अधिसूचनेने मोडत नाही. तो मोडला मोठ्या बिल्डरांच्या हिशोबाने. प्लॅस्टरच्या आत वीट कुठल्या रंगाची आहे, हे फ्लॅट घेणाऱ्याला दिसतच नाही.

विटांची गोष्ट रंगतदार असली तरी राखेचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक ठरलं ते सिमेंट. १९८९ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण पूर्ण उठलं आणि कंपन्या एकमेकींशी भावात लढू लागल्या. चुनखडी भाजून तयार होणारा क्लिंकर महाग. राख जवळपास फुकट. भारतीय मानकांनुसार राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. एका पोत्यात तिसरा हिस्सा राखेचा बसला, तर नफ्याचं गणित शाळकरी पोरही मांडेल. आज घर बांधणाऱ्या माणसाच्या दारात उतरणाऱ्या पोत्यांत बहुतेकदा हेच सिमेंट असतं. ज्याला त्याने कधीकाळी भेसळ म्हटलं असतं, ते आता तो नावाने मागून घेतो.

सिमेंट कंपन्यांच्या या भुकेने वीज केंद्रांचं यंत्र बदललं. हॉपरमधली राख पाण्यात न सोडता हवेच्या दाबाने साठवणीच्या उंच टाकीत, म्हणजे साइलोत, नेणं, तिथून थेट बल्करमध्ये भरणं, ही व्यवस्था उभी राहिली. चंद्रपूरला ही सोयरीक लवकर जमण्यासारखी होती, कारण घुग्गुस, गडचांदूर, आवारपूर हा सिमेंटचा पट्टा अगदी शेजारी. नाशिकला एकलहऱ्याची राख चाळून, बारीक-जाड वेगळी करून प्रतवारीने विकण्याचा कारखाना निघाला. अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पासाठी देशातली पहिली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं बांधली, तेव्हा त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त होती. पन्नास वर्षांपूर्वी रिहंदला जे भीतभीत केलं, ते इथे बिनधास्त केलं.

भाव आला तशी भांडणंही आली. २००९ च्या दुरुस्तीने केंद्रांना राख विकायची मुभा मिळाली. पैसे वेगळ्या खात्यात ठेवून राखेचा वापर वाढवण्यासाठीच खर्च करायचे, आणि कोरड्या राखेपैकी किमान २० टक्के विटांच्या छोट्या कारखान्यांना फुकट द्यायची, अशी अट त्यात होती. ही अट छोट्यांना वाचवण्यासाठी होती. एका बाजूला शेकडो बल्कर एकदम उचलणारी सिमेंट कंपनी, दुसऱ्या बाजूला आठवड्याला दोन-तीन गाड्या मागणारा वीटवाला; रांगेत कोण मागे पडणार हे सांगायला नको. परळीत राखेचं वेगळंच रूप दिसलं. तिथल्या राखेच्या बेकायदा उपशाच्या, उघड्या हायवा टिपरांतून होणाऱ्या वाहतुकीच्या आणि त्यावरून चालणाऱ्या दादागिरीच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून येत आहेत. वाळूपाठोपाठ राखेलाही माफिया लाभला. एखाद्या टाकाऊ वस्तूला बाजार मिळाला, याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नसेल.

आकडेही चढत होते, पण हळू. २०१४-१५ मध्ये देशात १८.४१ कोटी टन राख झाली, वापर ५५.६९ टक्के. पंधरा वर्षांच्या सक्तीनंतरही जवळपास निम्मी राख तलावातच जात होती. तेव्हा कुठे सरकारचं लक्ष माहितीच्या खिंडाराकडे गेलं. २०१६ च्या दुरुस्तीने प्रत्येक केंद्रावर एक साधंसं बंधन घातलं: तुमच्याकडे कुठल्या प्रकारची किती राख शिल्लक आहे, ते संकेतस्थळावर टाका आणि महिन्यातून किमान एकदा आकडे ताजे करा. सोबत गाडीभाड्याचा प्रश्नही सोडवला. १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च केंद्राने सोसायचा, १०० ते ३०० पर्यंतचा निम्मा-निम्मा. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने राखेच्या वापराचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राज्याची वीजनिर्मिती कंपनी महाजेनको हिची महागॅम्स नावाची उपकंपनी तर खास राखेच्या व्यवस्थापनासाठीच आहे. राखेला विक्री विभाग नव्हता, तो असा मिळाला.

जून २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ॲश ट्रॅक नावाचं मोबाइल ॲप आणलं. वीटवाला, सिमेंटवाला किंवा रस्त्याचा ठेकेदार आपलं ठिकाण सांगतो. शंभर आणि तीनशे किलोमीटरच्या टप्प्यात कुठली केंद्रं आहेत आणि तिथे राख किती आहे, हे ॲप दाखवतं. तंत्रज्ञान म्हणून यात काही आभाळ फाडलेलं नाही. हीच माहिती पूर्वी वाहतूकदाराच्या डोक्यात असायची. कुठल्या केंद्रातली राख चांगली, कुठे रांग कमी, कुठल्या साहेबाची सही लागते, हे त्याला पाठ असायचं आणि त्या पाठांतराचीच तो किंमत वसूल करायचा. ॲपने त्याची मक्तेदारी थोडी सैल केली. ती संपली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. बल्करमध्ये भुकटीखेरीज दुसरं काही भरता येत नाही, त्यामुळे परतीचं भाडं मिळेलच याचा भरवसा नसतो. फुकटच्या राखेचा खरा भाव ठरतो तो त्या रिकाम्या फेरीत.

सप्टेंबर २०२१ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने केंद्रांना कळवलं, की राख पारदर्शक बोलीनेच द्या. संगणकावरच्या लिलावाने वशिला घटला खरा, पण लिलावात जिंकतो तो मोठा खिसा. कालपर्यंत राख हक्काने फुकट मिळवणारे छोटे वीटवाले चडफडले, आणि त्यांचं चडफडणं रास्त होतं. कचरा कमी व्हावा म्हणून ज्यांना हाताला धरून या धंद्यात आणलं, त्यांनाच आता बोली लावा म्हणून सांगायचं.

राख आता लांबचे प्रवासही करते. ज्या रिहंद जलाशयाच्या धरणात राख वापरली गेली होती, त्याच जलाशयाकाठच्या वीज केंद्रातून २०२० मध्ये मालगाडीच्या वाघिणींत राख भरून साडेचारशे किलोमीटरवरच्या टिकारियाच्या सिमेंट कारखान्यात पोचवली गेली. पूर्वेकडे कोलकात्याच्या परिसरातून छोटी जहाजं राख घेऊन सुंदरबनातल्या खाड्यांमधून बांगलादेशात जातात. तिथे चुनखडी आणि कोळसा दोन्हींची वानवा, त्यामुळे सिमेंट कारखान्यांना भारतीय राख हवीच असते. यातली काही जहाजं वाटेत बुडाली आणि जंगलाच्या पाण्यात राख गेली, हेही त्या व्यापाराच्या जमाखर्चात धरायला हवं.

३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शेवटचा खिळा ठोकला. तीन वर्षांच्या फेऱ्यात शंभर टक्के राख वापरात आणा, नाहीतर उरलेल्या प्रत्येक टनामागे हजार रुपये भरा. २०२१-२२ चा आकडा आला २७.०८ कोटी टन राख आणि ९५.९५ टक्के वापर. पाव शतकात दहा टक्क्यांवरून शहाण्णव टक्क्यांपर्यंत.

हा आकडा मात्र जरा खरवडून पाहावा. सिमेंटमध्ये जाते ती साधारण चौथा हिस्सा. विटा, रस्ते यांचा वाटा आहेच. पण सखल जमिनी भरणं, बंद खाणींचे खड्डे बुजवणं, राखेच्याच तलावांचे बांध उंच करणं, हेही सरकारी हिशोबात वापर म्हणूनच धरलं जातं. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, पारा यांसारख्या धातूंचा अंश असतो. सिमेंटमध्ये तो बांधला जातो, पण उघड्या खड्ड्यात भूजलापर्यंत पोचू शकतो. राख तलावातून उचलून खड्ड्यात टाकली तर कागदावर टक्का वाढतो, गावाच्या विहिरीला त्याचा फरक कळत नाही.

जुन्या तलावांचा धोका तर कागदावरही मिटलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ राखेचा बांध फुटला आणि सहा माणसं वाहून गेली. जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखबंधारा फुटला. राखेचं पाणी शेतांत पसरलं आणि नाल्यांवाटे नदीकडे गेलं. राखेच्या वापराचा विक्रमी आकडा ज्या आर्थिक वर्षाचा, ते संपून चार महिनेही झाले नव्हते.

ब्रिटनमध्ये सध्या उलटं चित्र आहे. तिथलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं आणि काँक्रीटवाल्यांना ताजी राख मिळेनाशी झाली. आता ते बाहेरून राख आणतात आणि दशकांपूर्वी पुरलेले ढीग उकरण्याच्या मागे आहेत. अमेरिकेतही बंद केंद्रांच्या तलावांतली राख काढून, वाळवून, चाळून विकायचे कारखाने चालू झाले आहेत. ओली राख वाळवायला इंधन लागतं, न जळलेला कोळसा वेगळा काढावा लागतो. ताजी राख मिळत नसेल तरच हा खर्च परवडतो. भारतात ती अजून रोज टनावारी मिळते आहे. आपल्या २०२१ च्या नियमांनी तलावांतल्या जुन्या साठ्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली आहे, म्हणजे २०३२ च्या आसपासपर्यंत. तूर्त सिमेंटच्या बल्करची रांग लागते ती साइलोखालीच. तलावाकडे वळतात ते रस्त्याच्या भरावाचे हायवा.